मधाचे पोळे आणि साखरेचा डबा

प्रायश्चित्तकाळातील अभ्यासपाठ

वाचने : नीतिसूत्रे २५:१६, २७-२८, १ शमुवेल १४:२४-३२, १ करिंथकर ६:१२-२०



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: यंदा काय सोडायचे? कोणी मांस सोडतो, कोणी दारू, कोणी टीव्हीवरील मालिका. लहान मुलांना विचारले तर त्यांचे उत्तर ठरलेले असते: चॉकलेट! मुलांचे हे उत्तर आपण हसण्यावारी नेतो. परंतु आजच्या पाठात ते गंभीरपणे घेण्याचे आम्ही ठरवले आहे. कारण आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना आम्हा धर्मगुरूंना जे दिसते, ते विचार करायला लावणारे आहे. खाटेशेजारच्या मेजावर जपमाळ असते आणि तिच्या बाजूला इन्सुलिनची सुई. कोणाची दृष्टी अधू झाली आहे, कोणाच्या पायाची जखम भरत नाही, कोणाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जावे लागते. आणि भेटीला येणारे आपण सारे पिशवीतून काय आणतो? बिस्किटांचे पुडे आणि फळांच्या रसाचे गोड डबे.

साखर खाणे पाप आहे, असे सांगण्यासाठी हा पाठ नाही. देवाने दिलेल्या शरीराची राखण आणि देवाने दिलेल्या गोडीचा आनंद, या दोहोंचा मेळ ख्रिस्ती माणसाने कसा घालावा, हे आपण पाहणार आहोत.

१. पवित्र शास्त्र आणि गोडी

पवित्र शास्त्राला गोडाचे वावडे नाही. देवाने आपल्या प्रजेला जो देश देऊ केला, त्याची ओळखच दूध व मध वाहणारा देश अशी आहे (निर्गम ३:८). स्तोत्रकर्त्याला देवाच्या वचनांची थोरवी सांगायची असते तेव्हा तो मधाचीच उपमा घेतो (स्तोत्र ११९:१०३). बाप्तिस्मा करणारा योहान, जो कडक व्रताचा माणूस, तोही रानमध खात असे (मत्तय ३:४). आज आपण वापरतो ती दाणेदार साखर मात्र बायबलच्या लोकांना ठाऊक नव्हती. त्यांच्याकडे गोडी होती ती मधाची, अंजिराची, द्राक्षांची आणि खजुराची.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात मधाविषयी दोन प्रकारचे सल्ले आहेत. एके ठिकाणी बाप मुलाला सांगतो की मध खा, तो चांगला आहे (२४:१३). लगेच पुढच्या अध्यायात इशारा येतो की मध सापडला तर पुरेल एवढाच खावा, नाहीतर उलटी होईल (२५:१६). त्याच अध्यायात पुन्हा एकदा सांगितले आहे की फार मध खाणे बरे नव्हे (२५:२७). त्यानंतरचे वचन पाहा. ज्याचा स्वतःवर ताबा नाही तो माणूस तट ढासळलेल्या शहरासारखा आहे, असे तेथे म्हटले आहे (२५:२८). त्या काळी शहराचा तट पडला की शत्रूला आत शिरायला दुसरी वाट शोधावी लागत नसे. मधाच्या पोळ्याशेजारी शास्त्राने हे पडक्या तटाचे चित्र ठेवले आहे, ते लक्षात राहू द्या.

संत पौल करिंथच्या लोकांना हीच गोष्ट नव्या प्रकाशात सांगतो. ख्रिस्ती माणसाला मोकळीक आहे, पण प्रत्येक गोष्ट हिताची नसते, आणि कोणत्याही गोष्टीचा गुलाम व्हायला तो तयार नाही. का? कारण आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि ते मोल देऊन विकत घेतलेले आहे (१ करिंथकर ६:१२, १९-२०). शरीर आपल्या मालकीचे नाही. ते आपल्याकडे सोपवलेले आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (क्र. २२८८-२२९०) हेच शिकवतो: जीवन व आरोग्य ही देवाची मोलाची देणगी असून तिची वाजवी काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे, मात्र शरीरालाच देव मानून त्याची पूजा करणे हीदेखील चूक आहे, आणि खाणे, पिणे, तंबाखू, औषधे या सर्वांत अतिरेक टाळायला संयमाचा सद्गुण आपल्याला शिकवतो.

२. मधापासून पांढऱ्या साखरेपर्यंत

ऊस पिळून, रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या जगाला भारताने दिली. आपला ‘शर्करा’ हा शब्द फारसी व अरबी भाषांतून फिरत युरोपात पोहोचला आणि तिकडच्या भाषांत साखरेचे नाव झाला. शेकडो वर्षे साखर ही श्रीमंतांची आणि वैद्यांची चीज होती, औषधासारखी तोलून दिली जाणारी.

आज कारखान्यात उसाच्या रसाला चुना व गंधकाचा वायू देऊन तो स्वच्छ करतात, आटवतात, त्याचे स्फटिक बनवतात आणि गरगर फिरणाऱ्या यंत्रात मळी वेगळी काढतात. मळीबरोबर उसातील क्षार व इतर द्रव्येही निघून जातात. चोथा तर आधीच गेलेला असतो. उरते ती जवळजवळ शंभर टक्के शुद्ध सुक्रोज. शंभर ग्रॅम साखरेतून सुमारे चारशे कॅलरी मिळतात. प्रथिने, जीवनसत्त्वे वा तंतू काहीच मिळत नाही.

येथे तत्त्वज्ञानातला एक साधा विचार उपयोगी पडतो. गोडी ही मुळात एक खूण आहे. आपल्या वसईच्या राजेळी केळ्याचे उदाहरण घ्या. ते पिकले की गोड होते, उन्हात वाळवून त्याची सुकेळी केली की आणखी गोड होते. ती गोडी जिभेला सांगत असते की येथे अन्न आहे, यात तुझ्या शरीराचे पोषण आहे. खाण्यातला आनंद देवाने जीव राखण्यासाठी दिला, असे संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) शिकवतात. शुद्ध साखरेत खूण शिल्लक राहते आणि जिची ती खूण, ती वस्तू नाहीशी होते. जिभेला निरोप मिळतो की जेवण आले; पोटात पोहोचते ती नुसती ऊर्जा. म्हणूनच दोन केळी खाल्ली की आपण थांबतो, पण बिस्किटांचा पुडा संपेपर्यंत हात थांबत नाही.

३. साखर शरीरात काय करते?

सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आतड्यात ती सुटते. ग्लुकोज रक्तात जाते व शरीरभर वापरले जाते. ते पेशींत पोहोचवण्यासाठी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावे लागते. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो. गरजेपेक्षा जास्त साखर सतत येत राहिली की यकृत तिची चरबी बनवते. दारूचा थेंबही न घेणाऱ्या माणसाच्या यकृतावर चरबी कशी साचते, याचे एक कारण येथे सापडते. वजन वाढते, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, स्वादुपिंडाला जास्त राबावे लागते आणि कालांतराने ते थकते. हाच टाइप २ मधुमेहाचा मार्ग. त्यात गोड पेये सर्वांत घातक, कारण ती पोट भरल्याची जाणीव न देता भराभर साखर आत नेतात. दातांची गोष्ट आणखी सरळ आहे: तोंडातील जंतू साखर खातात, आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात किडतो. दिवसभर थोडे थोडे गोड चघळत राहणे दातांना एकदम खाण्यापेक्षा अधिक वाईट.

२०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या तपासणीवरून असा अंदाज निघाला की भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमध्ये मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: २६.४ टक्के, म्हणजे चार जणांत एकाहून अधिक.

२०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास तर आईवडिलांनी जरूर लक्षात घ्यावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग होते. ते १९५३ साली उठले. त्याच्या आधी आणि नंतर जन्मलेल्यांची संशोधकांनी तुलना केली. आईच्या पोटात असताना व जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली, त्यांच्यात पुढील आयुष्यात टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के व उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला. बाळाच्या दुधाच्या बाटलीत साखर घालणाऱ्या प्रेमळ आजींनी ही गोष्ट ऐकावी. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला साखरेची गरज नाही. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मधसुद्धा चाटवू नये. त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

दोन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. एक, मधुमेह केवळ साखरेमुळे होत नाही. आनुवंशिकता, वाढलेले वजन, बसून राहण्याची सवय, भात व मैद्याचा अतिरेक हीही कारणे आहेत. लहान मुलांना होणारा टाइप १ मधुमेह तर गोड खाल्ल्याने होतच नाही. दुसरी, जन्मांध माणसाला पाहून कोणी पाप केले असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला (योहान ९:२-३). म्हणून आजारी माणसाच्या खाटेशी उभे राहून ‘तुम्हीच फार गोड खाल्ले’ असा निवाडा देण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही.

४. घरचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मार्गदर्शिका दिली ती अशी: वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक व फळांचा रस यांतील साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी; ५ टक्क्यांच्या खाली आणता आली तर अधिक चांगले. सर्वसाधारण प्रौढासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, चहाचे पाच-सहा चमचे. सबंध फळातील वा साध्या दुधातील साखर यात धरलेली नाही.

आता आपला दिवस मोजू. चहाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे. येथेच आठ चमचे झाले. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे एका बाटलीतच दिवसाची मर्यादा ओलांडली. पुष्कळ ग्लुकोज बिस्किटांत वजनाचा सुमारे पाव हिस्सा साखर असते.

गृहिणींसाठी याहून सोपा हिशेब वाणसामानाच्या यादीत आहे. माणशी रोज २५ ग्रॅम म्हणजे महिन्याला पाऊण किलो. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन किलो, आणि त्यात बिस्किटे, जॅम, सॉस, सरबत, केक सर्व आले! आपल्या घरी महिन्याला किती किलो साखर येते? पाच किलो येत असेल तर केवळ डब्यातली साखरच माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर जाते.

मग गूळ वापरावा का? गुळात थोडे लोह व क्षार असतात, चवही निराळी असते. परंतु तोही मुख्यतः साखरच आहे आणि रक्तातील साखर तोही वाढवतो. मधाचेही तसेच. पाकिटावरच्या शब्दांनी फसू नये. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच भावंडे आहेत. मुलांच्या दुधात घालायच्या गोड भुकट्या वर्षानुवर्षे ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकल्या गेल्या; एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या वर्गातून काढण्यास सांगितले. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्याची सूचना दिली. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही असा एक फलक लावायला काय हरकत आहे?

५. अधाशीपणा म्हणजे काय?

सात प्रमुख पापांत अधाशीपणा आहे, हे आपण प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत शिकलो. पण अधाशीपणा म्हणजे नुसते जास्त खाणे, अशी आपली समजूत असते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोपपदावर आलेल्या संत ग्रेगरी महान यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले आणि संत थॉमस यांनी ते पुढे स्पष्ट केले: वेळेआधी खाणे, फार महागडे खाणे, फार जास्त खाणे, हपापल्यासारखे खाणे आणि फार चोचले करून खाणे. साखरेच्या आरशात हे पाचही प्रकार पाहता येतात. जेवणाआधीच काहीतरी गोड तोंडात टाकणे. वाढदिवसाच्या केकवर ऐपतीबाहेर खर्च करणे. एकावर एक वाट्या घेणे. गोड समोर आले की गप्पा, माणसे, सारे विसरणे. आणि ‘दोन चमचे साखर नसेल तर मी चहा पीत नाही’ असा घरच्यांना धाक घालणे. शेवटचा प्रकार करणारा माणूस कदाचित किडकिडीत असेल, त्याची रक्ततपासणी उत्तम असेल. तरी जीभ त्याची मालकीण झालेली असू शकते. संत पौलाने ज्याला नकार दिला ती गुलामी हीच.

याच संत थॉमस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात आणखी एक व्यवहारी प्रश्न घेतला आहे. त्या काळी जेवण पचावे म्हणून औषधी गोड चाटणे, आपल्याकडील अवलेहासारखी, घेत असत. ती घेतल्याने उपवास मोडतो का? थॉमस म्हणतात, मोडत नाही, कारण ती पोट भरण्यासाठी घेतली जात नाहीत. परंतु औषधाच्या नावाखाली कोणी ती जेवणासारखी भरपूर खाऊ लागला तर ती लबाडी आहे. पदार्थ तोच, हेतू आणि प्रमाण बदलले की कृतीचे रूप बदलते. साखरेविषयी ख्रिस्ती विचार करण्याची किल्ली येथे आहे. बाहेरून पोटात जाणारी वस्तू माणसाला भ्रष्ट करत नाही, असे प्रभूने शिकवले (मार्क ७:१८-१९). प्रश्न अंतःकरणाचा आहे.

याचमुळे ख्रिस्ती संयमाला आनंदाचे वैर नाही. प्रभू काना गावच्या लग्नाला गेला आणि तेथे त्याने द्राक्षारस कमी पडू दिला नाही. नाताळात आजीने केलेले कुलकुल व नेवऱ्या, ईस्टरचे मार्झिपान, लग्नाचा केक, दिवाळीत शेजाऱ्यांनी प्रेमाने आणून दिलेले फराळाचे ताट, यांना नाक मुरडणे म्हणजे संयम नव्हे. सण आहे म्हणून गोड आहे, ही जुनी रीत शहाणपणाची होती. आपला घोटाळा असा झाला की आपण रोजच सण करू लागलो. मग खऱ्या सणाला वेगळे काही उरले नाही.

६. मधुमेही बंधुभगिनींसाठी

शौल राजाने लढाईच्या दिवशी सैन्याला शपथ घातली की संध्याकाळपर्यंत कोणी अन्न चाखू नये. योनाथानाने ती ऐकली नव्हती. त्याने काठीचे टोक मधाच्या पोळ्यात बुडवून मध चाखला, आणि त्याचे डोळे तजेलदार झाले. उपाशी सैनिक मात्र गळून गेले, आणि शेवटी भुकेने नियमही मोडून बसले (१ शमुवेल १४). अविचाराने लादलेला उपवास काय करतो, हे शास्त्राने लपवलेले नाही.

आमच्याकडे वारंवार येणारे काही प्रश्न येथे स्पष्ट करतो, कारण त्यांबाबतच्या गैरसमजातून जिवावर बेतू शकते.

• राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दिवसांच्या उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंतच्या निरोगी माणसांसाठी आहे. आजाऱ्यांवर तो बंधनकारक नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता उपवास करू नये आणि डोसही चुकवू नये.

• ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास काही खाऊपिऊ नये असा नियम आहे. पाणी आणि औषध यांना त्यातून सूट आहे. वृद्ध, आजारी व त्यांची सेवा करणारे यांनी त्या तासात काही घेतले असले तरी ते ख्रिस्तप्रसाद स्वीकारू शकतात (कॅनन ९१९).

• मिस्सा चालू असताना घाम फुटला, हात थरथरू लागले, छाती धडधडली, भोवळ आली, काही सुचेनासे झाले, तर रक्तातील साखर उतरली असण्याची शक्यता आहे. लाजू नका, मिस्सा संपण्याची वाट पाहू नका. तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या. त्या वेळी ती साखर तुमचे औषध आहे. ती घेऊन तुम्ही निःशंकपणे ख्रिस्तप्रसादासाठी पुढे या. शेजारी कोणी बेशुद्ध पडले तर मात्र त्याच्या तोंडात काहीही घालू नका. ताबडतोब रुग्णालयात न्या.

ज्या साखरेपासून आपण सावध राहायला सांगत आहोत, तीच खिशात ठेवा असेही सांगत आहोत. यात विसंगती नाही. हेतू व प्रमाण पाहायला संत थॉमस यांनी शिकवले ते यासाठीच.

७. साखरेचे मोल कोण देतो?

साखरेचा इतिहास घामाचा आणि अश्रूंचाही आहे. आपल्या वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत ज्यांचे राज्य होते, त्याच पोर्तुगिजांनी अटलांटिक बेटांवर व ब्राझीलमध्ये उसाचे मळे उभारले आणि ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून करवून घेतले. काही धर्मसंघांच्या मळ्यांवरही गुलाम राबत होते, हे कबूल करावे लागते. या अन्यायाला उत्तर देणारेही ख्रिस्ती लोकच होते. १७९१ पासून इंग्लंडमध्ये हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून आलेली वेस्ट इंडीजची साखर विकत घेणे बंद केले. चहातली साखर सोडणे हा त्यांचा निषेध होता, आणि त्यात स्त्रियांचा पुढाकार मोठा होता. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. १८३९ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनीही गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. घरातल्या साखरेच्या भांड्याचा न्यायाशी संबंध असतो, हे त्या कुटुंबांनी दाखवून दिले.

आज आपल्याच महाराष्ट्रात बीड व आसपासच्या भागांतून लाखो माणसे दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नसते. मुलांची शाळा बुडते. २०१९ मध्ये राज्याने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. मजुरी बुडू नये, खाडा पडू नये, या धाकाखाली जगणाऱ्या आपल्या बहिणींची ही कहाणी आहे. साखर सोडल्याने त्यांचे प्रश्न सुटणार नाहीत. त्यांना रास्त मजुरी, आरोग्यसेवा व कायद्याचे संरक्षण हवे. परंतु चमचा भरताना त्यांची आठवण यावी, आणि त्यांच्या हक्कांचा प्रश्न निघेल तेव्हा आपण गप्प बसू नये, एवढे तरी प्रभू आपल्याकडून अपेक्षितो. देवाला आवडणारा उपवास कोणता, हे यशया संदेष्ट्याने (अध्याय ५८) सांगितले आहे: अन्यायाच्या बेड्या तोडणे आणि भुकेल्याबरोबर आपली भाकर वाटून खाणे.

८. या प्रायश्चित्तकाळासाठी

चाळीस दिवस साखर सोडून ईस्टरच्या सकाळी सारी वसूल करायची, हा हिशेब देवाशी नको. थोडे करा, पण टिकेल असे करा.

(१) चहातील साखर दर आठवड्याला थोडी कमी करा. जिभेला दोन-तीन आठवड्यांत सवय होते. गोड लागणाऱ्या गोळ्यांची घाई नको. वजन कमी करण्यासाठी त्यांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

(२) बाटलीबंद गोड पेये घरात आणू नका. पाहुण्याला पाणी, ताक, शहाळे द्या.

(३) आजाऱ्याच्या भेटीला जाताना बिस्किटांऐवजी फळ न्या, आणि त्याला कोणते चालते ते आधी विचारा. त्याहून चांगले म्हणजे अर्धा तास बसा.

(४) जपमाळेनंतर किंवा समूहाच्या सभेनंतर उकडलेले चणे द्या. गोव्यात लदिनीनंतर चणे वाटण्याची जुनी रीत आहे. ती स्वस्त आहे, पौष्टिक आहे आणि गरीब-श्रीमंत सर्वांना परवडते.

(५) धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठांतराचे बक्षीस म्हणून टॉफी नको. संतांचे चित्र, पेन्सिल, गोष्टीचे पुस्तक द्या. देवाचे वचन मुलांना स्वतःच गोड लागू द्या.

(६) मिस्सानंतरच्या चहात यापुढे साखर वेगळी ठेवावी, असे आम्ही धर्मग्राम परिषदेला सुचवत आहोत.

(७) वाचलेले पैसे बाजूला काढा. डायलिसिसवर असलेल्या आपल्या धर्मग्रामवासीयांच्या मदतीसाठी ते संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या पेटीत टाका. आपण सोडलेला घास दुसऱ्याच्या ताटात पोहोचला तरच उपवास पूर्ण होतो.

आणि एक शेवटची गोष्ट. दर रविवारी वेदीवरून जो ख्रिस्तप्रसाद आपल्या हातावर ठेवला जातो, त्याला रंग नाही, गोडी नाही, जिभेला मोह पाडेल असे काहीही नाही. बाजारातल्या गोड बाटलीत सारी गोडी आणि आत पोकळी. येथे चव साधी आणि आत प्रत्यक्ष प्रभू. जिभेचे लाड थोडे कमी झाले की या भाकरीची भूक वाढते, असा संतांचा अनुभव आहे. तो आपलाही होवो.

लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. नीतिसूत्रे २५:१६ ते २८ एकत्र वाचा. ‘तट ढासळलेले शहर’ आपल्या घराच्या बाबतीत कोठे दिसते?
२. आपल्या घरी महिन्याला किती साखर येते? मोजून पुढील सभेत सांगा.
३. आपल्या विभागात मधुमेहाने वा डायलिसिसने त्रस्त कोण आहेत? त्यांना रुग्णालयात नेण्या-आणण्याची पाळी कोण कोण घेऊ शकेल?
४. सण आणि रोजचा दिवस यांतला फरक आपण पुन्हा कसा आणू शकतो?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, फळांत गोडी आणि कष्टांत अन्न तू ठेवलेस. तुझ्या देणग्या आनंदाने घ्यायला आणि वेळीच थांबायला आम्हांला शिकव. आमच्या आजारी बंधुभगिनींना धीर दे, त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ दे, शेतात राबणाऱ्यांना न्याय मिळू दे. आमचे शरीर तुझ्या आत्म्याचे मंदिर आहे, याची आठवण आम्हांला प्रत्येक घासागणिक राहो. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.

आपले धर्मगुरू